येणारा वरून येतो, मग रस्त्याला डांबर कशाला?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर मी काही वर्षं शिक्षक होतो. एकदा शाळेजवळच्या मैदानावर एक मोठे पाहुणे हेलिकॉप्टरनं येणार असं ठरलं आणि आठ दिवस नुसती धावपळ सुरू झाली. मुरूम आला, रोलर आला, पाण्याचे टँकर आले. मैदानाच्या कडेची विजेची तार काढून दुसरीकडून नेली गेली. आणि दोन पावसाळे खड्ड्यांत गेलेल्या आमच्या रस्त्यावर एका रात्रीत डांबर पडलं. चौथीतल्या एका मुलानं मला विचारलं, "गुरुजी, येणारा येतो वरून, मग रस्त्याला डांबर कशाला?"

मला उत्तर आलं नाही. "मोठ्या माणसांचं असंच असतं," असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. पुढे विचारपूस करत गेलो, थोडं वाचलं, तेव्हा कळलं की त्या मुलाच्या प्रश्नाला खरोखरच उत्तर आहे. राजेरजवाडे, पंतप्रधान, मुख्यमंत्री विमानानं कसे जातात, याचं निम्मं गुपित त्या उत्तरात आहे.

सुरुवात आपल्या जव्हारच्या राजापासूनच करू. मुकणे घराण्याचं हे संस्थान चौदाव्या शतकापासूनचं. जयबा मुकणे यांनी त्याची स्थापना केली. इंग्रजांच्या काळात राजाला ९ तोफांची सलामी होती. कोणाला २१ तोफा, कोणाला ११, कोणाला ९. मोठेपण मोजायची ती त्या काळची रीत. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात दाखल झाले आणि फ्लाइट लेफ्टनंट या हुद्द्यापर्यंत पोहोचले. डोंगरात वसलेल्या, ३१० चौरस मैलांच्या एका आदिवासी संस्थानाचा राजा हवाई दलाच्या गणवेशात! १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९६०च्या दशकात हेच राजे लोकसभेत खासदार म्हणून बसले. गंमत अशी, की हवाई दलाचा हुद्दा मिळवलेल्या राजाच्या गावी धावपट्टी मात्र झाली नाही. जयविलास राजवाडा आजही टेकडीवर उभा आहे. पण जव्हारला हवेतून यायचं, तर हेलिकॉप्टर हाच एक मार्ग.

राजानं विमानाशी जवळीक करणं ही काही आपल्याकडचीच हौस नाही. नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर केएलएम कंपनीच्या प्रवासी विमानांवर सहवैमानिक म्हणून वर्षानुवर्षं काम करत होते. २०१७ मध्ये त्यांनी एका मुलाखतीत हे सविस्तर सांगितलं. प्रवाशांचं स्वागत कॅप्टनच्या वतीनं करायचं असल्यामुळे आपलं नाव सांगायची गरज पडत नाही, असा त्यांचा खुलासा होता. म्हणजे मागे बसलेला माणूस चहा पितोय आणि पुढे त्याचा राजा विमान चालवतोय!

पण बहुतेक राजे आणि राज्यकर्ते मागेच बसतात, आणि त्यांच्यासाठी खास व्यवस्था असते. ब्रिटनमध्ये १९३६ मध्ये राजासाठी 'किंग्ज फ्लाइट' नावाची वेगळी तुकडीच काढली गेली. अमेरिकेच्या अध्यक्षांचं 'एअर फोर्स वन' तर सर्वांना ठाऊक आहे. लोकांना वाटतं ते विमानाचं नाव आहे. तसं नाही. अध्यक्ष ज्या हवाई दलाच्या विमानात बसतील, त्याची बिनतारी संदेशातली ती हाक आहे. १९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या विमानाचा आणि एका प्रवासी विमानाचा क्रमांक सारखाच निघाला आणि आकाशात घोटाळा झाला, तेव्हापासून ही वेगळी हाक आली.

आपल्याकडे दिल्लीच्या पालमला हवाई दलाची एक खास तुकडी आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांना नेण्या-आणण्याचं काम तिच्याकडे. देशातल्या आणि जवळच्या प्रवासासाठी तिच्याकडे बोइंग ७३७ जातीची तीन विमानं आहेत. त्यांची नावं राजदूत, राजहंस आणि राजकमल. परदेशच्या लांबच्या दौऱ्यांसाठी पूर्वी एअर इंडियाचं जम्बो, म्हणजे बोइंग ७४७, प्रवासी वाहतुकीतून काढून घेत, आत बदल करत आणि दौरा संपला की परत देत. २०२० मध्ये खास बदल करून घेतलेली दोन बोइंग ७७७ विमानं आली आणि ती पद्धत मागे पडली. दोन का? एक बिघडलं तर दुसरं हवं म्हणून. ही सावधगिरी फुकट नाही. २०१८ मध्ये जर्मनीच्या चॅन्सेलर मर्केल अर्जेंटिनाला निघाल्या असताना त्यांचं सरकारी विमान वाटेतच बिघडलं. अखेर त्या नेहमीच्या प्रवासी विमानात बसून परिषदेला उशिरा पोहोचल्या. २०२३ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान ट्रुडो विमानातल्या बिघाडामुळे दिल्लीत अडकून पडले होते.

हे झालं मोठ्या विमानांचं. पण विमानाला धावपट्टी लागते, आणि लोक धावपट्टीवर राहत नाहीत. म्हणून शेवटचा टप्पा हेलिकॉप्टरचा. खरी कसरत इथे सुरू होते.

मुंबईत हेलिकॉप्टरचं मोठं ठाणं म्हणजे जुहू. १९२८ मध्ये सुरू झालेला हा आपला जुना विमानतळ. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते इथेच. जुहूहून जव्हार सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर. हेलिकॉप्टरला अर्धा तास पुरतो. आपल्याला वाडा-विक्रमगडकडून वळणं घेत जायला तीन-चार तास लागतात, ते वेगळं.

आता खाली काय काय लागतं ते पाहा. पंतप्रधानांसाठी हवाई दलाची एमआय-१७ जातीची हेलिकॉप्टरं येतात, आणि ती सहसा तीन असतात. पाहुणे कोणत्या हेलिकॉप्टरमध्ये आहेत ते बाहेरून कळू नये, आणि एक बंद पडलं तर दुसरं असावं, असा दुहेरी हेतू. भरलेलं असं एक हेलिकॉप्टर १३ टनांपर्यंत जातं. भातखाचरात ते उतरवलं तर चाकं रुततील. म्हणून मुरूम टाकून, दाबून, वर पक्का थर देऊन तळ करावा लागतो. तीन हेलिकॉप्टरं म्हणजे तीन तळ. पंख्याचा वारा इतका जोराचा असतो की मंडपाचे पत्रे, कौलं, पेंढ्याच्या गंज्या सहज उडतात. धूळ उठली तर उतरताना वैमानिकाला जमीनच दिसत नाही. टँकर त्यासाठी असतो, पाण्यानं धूळ बसवायला. वारा कुठून येतो हे वैमानिकाला कळावं म्हणून कापडी पिशवी उंच बांधतात किंवा धूर करतात. जवळ अग्निशमनाचा बंब आणि रुग्णवाहिका उभी हवी. आणि आजूबाजूला तारा नकोत. वरून तार दिसत नाही. तिचा खांब दिसला तर दिसला.

तारेचा धोका महाराष्ट्रानं डोळ्यांनी पाहिला आहे. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडालं आणि काही क्षणांत तारांमध्ये अडकून खाली आलं. सुदैवानं सगळे वाचले. मे महिना लक्षात घ्या. तापलेली हवा विरळ होते आणि पंख्याला तेवढा आधार देत नाही. सकाळी जे वजन सहज उचललं जातं, ते भर दुपारी जड होऊ शकतं.

आपल्या भागात उन्हाळ्यापेक्षा पावसाळा वाईट. छोट्या गावात उतरणारं हेलिकॉप्टर मुख्यतः डोळ्यांनी पाहून चालवलं जातं. विमानतळावरची दिशा दाखवणारी यंत्रं मोखाड्याच्या मैदानावर नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्यमाळच्या डोंगरावर ढग बसला की समोरची टेकडी आणि आभाळ यांत फरक कळत नाही. २००९ मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी, २०११ मध्ये अरुणाचलचे दोर्जी खांडू आणि २०२१ मध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत, तिघेही डोंगराळ भागातल्या हेलिकॉप्टर अपघातात गेले. रेड्डी आणि रावत यांच्या वेळी ढग आणि खराब हवामान हे कारण ठरलं. हवाई वाहतूक खात्याचा नियम स्पष्ट आहे, की उडायचं की नाही हा शेवटचा शब्द वैमानिकाचा, मागे कोणीही बसलेलं असो. नियम कागदावर सोपा आहे. पन्नास हजार माणसं मैदानात बसली आहेत, फोनवर फोन येत आहेत, अशा वेळी 'नाही' म्हणणाऱ्या वैमानिकाला आपण मनातून नमस्कार केला पाहिजे.

अंधाराचंही तसंच. अशा तात्पुरत्या तळावरून दिवस मावळायच्या आत उडावं लागतं. सभेत वक्त्याला मागून चिठ्ठी येते आणि भाषण एकदम आटोपतं, ते पुष्कळदा यामुळे. जव्हारच्या सनसेट पॉइंटवर आपण सूर्यास्त बघायला जातो. हेलिकॉप्टरनं आलेल्या पाहुण्याला तो बघायची सोय नाही!

अपघातांची गोष्ट निघालीच आहे, तर मोरारजी देसाईंची आठवण सांगायला हवी. मोरारजी आपल्या शेजारच्या वलसाडकडचे. ज्या मुंबई राज्यात जव्हार होतं, त्याचे ते मुख्यमंत्री. पंतप्रधान असताना, ४ नोव्हेंबर १९७७ रोजी, आसामात जोरहाटजवळ त्यांचं हवाई दलाचं विमान रात्री शेतात कोसळलं. पंतप्रधान वाचले. पुढच्या भागात बसलेले हवाई दलाचे पाच जण गेले. बड्या माणसाच्या प्रवासाची बातमी होते तेव्हा ही पाच माणसं सहसा बातमीत नसतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. हेलिकॉप्टर येईलच याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. म्हणून हवाई दौरा आखताना पर्यायी रस्ताही आखावाच लागतो. पंतप्रधानांच्या सुरक्षेची जी नियमपुस्तिका आहे, तिला 'ब्लू बुक' म्हणतात, तिच्यात हे धरलेलं आहे. ५ जानेवारी २०२२ला पंजाबात काय झालं आठवा. पंतप्रधान भटिंड्याहून हेलिकॉप्टरनं फिरोजपूरकडे जाणार होते. पाऊस आला, हवा बिघडली, ते रस्त्यानं निघाले आणि निदर्शकांमुळे एका उड्डाणपुलावर पंधरा-वीस मिनिटं अडकले. हेलिकॉप्टरचा दौरा घटकेत मोटारीचा झाला. आपल्या पालघरलाही ३० ऑगस्ट २०२४ रोजी, ऐन पावसाळ्यात, वाढवण बंदराच्या पायाभरणीला पंतप्रधान आले होते. सकाळचा कार्यक्रम मुंबईत आणि दुपारचा पालघरला. अशा दिवशी रस्ता तयार ठेवावाच लागतो.

शिवाय तळापासून मंडपापर्यंत मोटारी जायच्या. बंब आणि रुग्णवाहिका तळापर्यंत पोहोचायच्या. वैद्यकीय पथकाला जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा रस्ता आणि तिथे पोहोचायला लागणारी मिनिटं आधी ठरवून ठेवावी लागतात. तेव्हा, बाळा, डांबर यासाठी. वरून येणाऱ्याला खालचा रस्ता इतरांपेक्षा जास्तच लागतो.

यात चुकीचं काही नाही. पंतप्रधान असो वा मुख्यमंत्री, त्यांच्या जिवाची काळजी घ्यायलाच हवी. मला बोच आहे ती वेगळी. 'जवळचं मोठं रुग्णालय किती मिनिटांवर' हा हिशोब त्या एका दिवसापुरता होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातल्या बोटोशी गावच्या मरकटवाडीत एका बाईची सातव्या महिन्यात घरीच प्रसूती झाली. जुळी मुलं दगावली. रक्तस्राव थांबेना, तेव्हा घरच्यांनी तिला झोळीत घालून, निसरड्या उतारावरून, मुख्य रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर चालत नेलं. पाड्याला रस्ता नव्हता. जव्हार-मोखाड्यातून अवघड रुग्ण नाशिकला पाठवतात. मोखाड्याहून ते साठ-पासष्ट किलोमीटर, घाटातून. वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये सगळं राज्य हादरलं, तेव्हापासून किती मोठे पाहुणे या भागात येऊन गेले असतील!

ऋषिकेशच्या एम्सनं २०२४ मध्ये रुग्णांसाठी हेलिकॉप्टर सुरू केलं. डोंगरातल्या माणसाला त्याचा उपयोग आहे, पण पावसाळी ढगाची अडचण त्यालाही चुकलेली नाही, आणि त्यालाही सपाट जागा लागतेच. आपल्याकडे पाहुण्यांसाठी जे तळ होतात, त्यांची नोंद ठेवावी, तारा पुन्हा त्यांच्यावरून ओढू नयेत, एवढं तरी करता येईल. माझं म्हणणं इतकंच आहे, की पर्यायी रस्ता आखताना मोजलेली ती मिनिटं फाईलमध्ये बंद करू नयेत. त्याच कागदावरून प्रत्येक पाड्याची मिनिटं मोजायला बसावं.

आमच्या शाळेजवळचा तो तळ पुढे बरीच वर्षं टिकला. पांढऱ्या रंगातला एच फिका होत गेला. दिवाळीच्या सुमारास आजूबाजूचे लोक तिथे नागली आणि वरई झोडपायला आणत. जागा सपाट, कोरडी आणि खडे नसलेली, त्यांना आयतं खळं मिळालं होतं. डांबर दुसऱ्या पावसाळ्यात गेलं. प्रश्न विचारणारा मुलगा ज्या पाड्यावरून येत असे, तो ओढ्यापलीकडे होता. तिथवर ते कधी पोहोचलंच नव्हतं.