झाकणातील छिद्र बुजले, की इंजिन गुदमरते

जळगाव - पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप दहा-पंधरा मिनिटे सुरळीत चालतो, मग त्याची ताकद कमी होते आणि तो बंद पडतो. थोडे थांबून दोरी ओढली, की पुन्हा सुरू. केळीवरील करप्याच्या फवारणीत असे घडले, की प्लग बदलला जातो, कार्बोरेटर खोलला जातो. टाकीच्या झाकणाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

टाकीतून जितके पेट्रोल बाहेर जाते, तितकी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र किंवा एकेरी झडप असते. ती धुळीने बुजली, की टाकीत निर्वात तयार होऊ लागतो. जुन्या दुचाकीत पेट्रोल केवळ उंचीच्या जोरावर खाली उतरते. वीस सेंटीमीटर उंचीच्या पेट्रोलचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दीड टक्का भरतो. एवढा क्षुल्लक दाब थोड्याशा निर्वातानेही नाहीसा होतो. मग मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त होते. इंजिन तापते आणि थांबते. गंमत म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर आत हवेला जागा कमी असल्याने हा दोष लवकर दिसतो. फवारणी पंपात टाकी बहुधा इंजिनाच्या खाली असते आणि पेट्रोल ओढून घ्यावे लागते. तेथेही परिणाम तोच.

खान्देशातील उन्हाळ्यात उलटाही प्रकार घडतो. पारा ४५ अंशांच्या घरात असताना उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या टाकीत वाफ कोंडते, पेट्रोल कार्बोरेटरमध्ये जोराने ढकलले जाते आणि गाडी सुरू होता होत नाही.

परीक्षा सोपी आहे. इंजिन मंदावताच ते बंद करून, थोडे निवल्यावर झाकण सैल करावे. 'फुस्स' असा आवाज आला आणि इंजिन पूर्ववत चालले, तर दोष झाकणातच आहे. झाकण काढून, टाकीपासून दूर नेऊन हवेच्या झोताने साफ करावे. छिद्र मोठे करण्याचा देशी उपाय मात्र घातक आहे. पावसाचे पाणी आत शिरते आणि पाठीवरच्या पंपातून तर पेट्रोल थेट अंगावर सांडते.

१ एप्रिल २०१७ पासून सर्व नव्या दुचाकींना भारत स्टेज-४ निकष लागू झाले. तेव्हापासून टाकीतील वाफ नळीवाटे कोळशाच्या डबीत जाते. अशा गाड्यांत झाकणाबरोबरच ही नळी दुमडली नाही ना, हेही पाहावे लागते.