मंडळीचा दाखला

सुट्टीत नगरला गेले की शेजारच्या काकू हमखास म्हणतात, "तुमचं बरंय, तिकडे चर्चच चर्च!" मँचेस्टरमध्ये चर्च भरपूर आहेत, हे खरं. पण प्रत्येकाच्या दारावरची पाटी वेगळी. अँग्लिकन, कॅथलिक, मेथडिस्ट, बाप्टिस्ट... आम्ही यातले नेमके कोण?

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. ते मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे साधी उपासना आणि कारभार मंडळीच्या हातात. पुढे १९७० मध्ये नागपुरात अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट असे बरेच जण एकत्र आले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आम्हीही त्यातच. त्यामुळे पंथ वगैरे प्रश्न मला कधी पडलाच नाही. आमची आपली 'मंडळी'.

नर्सच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा आधी घराजवळच्या अँग्लिकन चर्चमध्ये जाऊ लागले. रंगीत काचा, मेणबत्त्या, शांतता. माणसंही चांगली. पण तिथे वेदीपुढे गुडघे टेकून सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षारस घ्यायचा. आमच्याकडे जागेवर बसूनच छोट्या पेल्यांतून. प्रार्थना पुस्तकातून वाचायच्या. आमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना मनातून यायची (आणि लांबायचीही!). सहा महिने गेले तरी मी पाहुणीच.

मग वॉर्डातल्या एका सहकारी बाईंनी त्यांच्या मेथडिस्ट चर्चमध्ये नेलं. इमारत अगदीच साधी, हॉलमध्ये चहाचा वास. पण गाणं सुरू झालं आणि शेजारच्या ऐंशीच्या आजी पुस्तक न उघडता गाऊ लागल्या! मेथडिस्ट हे गाणारे लोक. त्यांच्या चार्ल्स वेस्लीने हजारो गीतं लिहिली. आम्ही नगरला ना. वा. टिळकांच्या भजनांवर वाढलो, पेटी-तबल्याच्या साथीने. विश्वास आधी गळ्यात आणि मग डोक्यात, ही सवय दोन्हीकडे सारखीच. आणि हो, द्राक्षारस छोट्या पेल्यांतून, बिनदारूचा.

दोन वर्षांनी तिथल्या पाळकबाईंनी विचारलं, "सभासद होणार का?" त्यासाठी नगरच्या मंडळीचं पत्र हवं होतं. आईला फोन केला.

"म्हणजे तू आपली मंडळी सोडणार?"

"अगं, आपल्या चर्चमध्ये मेथडिस्टही आहेतच की, १९७० पासून."

"ते कागदावर गं. आजीचा बाप्तिस्मा, माझं लग्न, तुझ्या पपांची माती, सगळं या एका मंडळीत झालं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. आठ दिवस आम्ही फक्त हवापाण्यावर बोललो.

त्या दिवसांत पंडिता रमाबाईंबद्दल पुन्हा वाचलं. १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण चर्च सांगतं म्हणून मान्य, हे त्यांना जमेना. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद चालला. पुढे केडगावचं मुक्ती मिशनही त्यांनी एका पंथाला बांधलं नाही. अर्थात रमाबाईंचा वाद तत्त्वाचा होता. माझा प्रश्न त्यापुढे फारच घरगुती. नाइट ड्युटी संपवून, रडवेली होऊन मी कुठल्या बाकावर जाऊन बसू शकते, एवढाच. तेच मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बघते."

गेल्या महिन्यात दाखला आला. आईने स्वतः पाळकसाहेबांकडे जाऊन सही-शिक्का घेतला. मला मात्र बजावलं, "पपांच्या कबरीची वर्गणी इथेच भरायची." भरतेय.

आता सप्टेंबरच्या शेवटी चर्चमध्ये हार्वेस्ट, म्हणजे सुगीची उपासना आहे. त्यात टिळकांचं एक भजन मराठीत म्हणायचं ठरलंय. गणेशोत्सवात भेटलेल्या एका काकांनी तबल्याची जबाबदारी घेतली आहे. ते चर्चमध्ये पहिल्यांदाच येणार आहेत. पेटी मात्र अजून मिळालेली नाही. मँचेस्टरच्या आसपास कुणाकडे असेल, तर जरूर कळवा.