औषध देण्याआधीचे एक मिनिट

मोताळा तालुक्यातल्या एखाद्या गावात तान्ह्या बाळाला खोकला-ताप आला, तर जवळची सरकारी सोय म्हणजे उपकेंद्र. तिथे एमबीबीएस डॉक्टर नसतात, सिस्टर असतात. २०१८ नंतर अनेक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारीही आले. त्यांतल्या कित्येक जणी परिचर्येच्या पदवीधर असून त्यांचे सहा महिन्यांचे जादा प्रशिक्षण झालेले असते. बाळाला साधी सर्दी असेल तर प्रतिजैविकाचा काहीच उपयोग नाही. पण न्यूमोनिया असेल आणि तेच औषध वेळेवर मिळाले नाही, तर बाळ दगावू शकते. राजूरचा घाट चढून बुलडाण्याला पाठवायचे, की इथेच औषध सुरू करायचे? क्ष-किरण यंत्र हाताशी नाही. मग ठरवायचे कशावरून?

न्यूमोनियात फुप्फुसातील वायुकोशांत पू आणि द्रव साचतो. फुप्फुस ताठर होते. ताठर फुगा पूर्ण फुगवायला जोर लागतो, म्हणून बाळ खोल श्वास घेण्याऐवजी उथळ पण भराभर श्वास घेऊ लागते. म्हणजे आतला बिघाड बाहेरून मोजता येतो! फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली पापुआ न्यू गिनीतील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खोकणाऱ्या मुलांतून प्रतिजैविकाची गरज असलेली मुले निवडायला श्वासाची गती ही चांगली खूण ठरते, असे त्यात दिसले. आज वापरात असलेल्या मर्यादा अशा : दोन महिन्यांच्या आतील बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास.

हे मोजमाप बाळ शांत असताना आणि पूर्ण एक मिनिट करायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर का चालत नाही? समजा, आठ महिन्यांच्या बाळाचे पंधरा सेकंदांत १२ श्वास मोजले. गुणाकार ४८, म्हणजे औषध नको. १३ मोजले तर ५२, म्हणजे औषध हवे. एका श्वासाची चूक चौपट होते आणि निर्णयच उलटतो.

ही पद्धत खेड्यात चालते का, याची कसोटी आपल्या विदर्भातच लागली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील आरोग्यसेवक व सुईणी यांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. अनेक सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. ५८ गावांत हा उपक्रम आणि तुलनेसाठी ४४ गावे, अशा या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. तेव्हा को-ट्रायमोक्साझोल वापरले होते. आता जागतिक आरोग्य संघटना अ‍ॅमॉक्सिसिलिनची शिफारस करते.

मात्र ही खूण म्हणजे एक चाळणी आहे. भोके बारीक ठेवली तर खड्यांबरोबर थोडे धान्यही वर अडकते. दम्याने धाप लागलेले मूलही या चाळणीत अडकते आणि त्याला विनाकारण प्रतिजैविक मिळते. भोके मोठी केली तर खरा न्यूमोनियाच निसटतो. इथे निसटण्याची किंमत बाळाचा जीव असते, म्हणून चाळणी बारीकच ठेवतात. काही मुलांसाठी ती लावतच नाहीत. मूल काही पीत नसेल, गुंगीत असेल, झटके येत असतील, किंवा दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास जलद असेल, तर गावात उपचार करत न बसता रुग्णालयात पाठवायचे. ‘हे माझ्या हातात नाही’ हे ओळखणे हाही औषधाच्या निर्णयाचाच भाग आहे.

औषध ठरले, तरी मात्रा उरते. तिथे आपले शाळेतले त्रैराशिक कामाला येते. तापासाठी पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम धरू. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागेल. ५ मिलिलीटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले सिरप असेल तर ६ मिलिलीटर. २५० मिलिग्रॅमचे असेल तर ३ मिलिलीटर. आणि १ मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब असतील तर फक्त दीड मिलिलीटर. थेंबांच्या बाटलीतून चुकून ६ मिलिलीटर दिले तर ६०० मिलिग्रॅम पोटात जाईल, चौपट! अशी मोठी मात्रा पुन्हा पुन्हा गेली तर यकृताला इजा होते. शिवाय सर्दीच्या दुसऱ्या बाटलीतही पॅरासिटामॉल असू शकते. नाव वेगळे, औषध एकच. म्हणून वजन करणे, बाटलीवरचे प्रमाण वाचणे, घरी आधी काय दिले आणि पूर्वी कशाने अंगावर पुरळ उठले होते का, हे विचारणे, यांतले काहीच टाळता येत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ मधील कलम ३२ मागेही असाच विचार दिसतो. समुदाय आरोग्य सेवा देणाऱ्यांना मर्यादित परवान्याची तरतूद त्यात आहे. प्राथमिक व प्रतिबंधक सेवेत ठरावीक औषधे त्यांनी स्वतंत्रपणे द्यायची; बाकी सारे डॉक्टरांच्या देखरेखीखाली. औषधांची यादी छोटी, खुणा मोजता येण्याजोग्या, मात्रा वजनाला बांधलेली आणि दिलेल्या प्रत्येक औषधाची नोंद, या चार गोष्टी असल्या की पदवी कोणती याला कमी महत्त्व उरते.

वर्गात करून पाहण्यासारखे : मुलांच्या जोड्या करा. जोडीदाराचे श्वास आधी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायला आणि मग पूर्ण मिनिट मोजायला सांगा. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी मांडा. किती जोड्यांत फरक पडला? दुसऱ्या दिवशी मुलांना औषधांची रिकामी खोकी आणायला सांगा. औषधाचे मूळ नाव, ५ मिलिलीटरमधील प्रमाण आणि मुदतीची तारीख शोधून वहीत तक्ता करू द्या. हा तक्ता मुलांनी घरी वाचून दाखवला, तर त्याचा उपयोग परीक्षेपुरता राहणार नाही.