एका वायरीचा गिअरबॉक्स

अमेरिकेच्या महामार्गांवर ऐंशीच्या दशकातली मोटरहोम अजूनही धावताना दिसतात. मागे पलंग, ओटा, फ्रीज, संडास. पुढे दोन खुर्च्यांच्या मधोमध, झाकणाखाली ७.४ लिटरचं अजस्र पेट्रोल इंजिन. यातल्या कितीतरी चाकांवरच्या घरांखाली शेव्हरोलेची पी-३० चासी आहे आणि तिच्यात टर्बो-हायड्रामॅटिक ४०० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. जनरल मोटर्सने तो १९६४ मध्ये आणला. काही टनांचं घर चढावर ओढताना गिअर कधी बदलायचा हे तो स्वतःच ठरवतो. आणि हे ठरवण्यासाठी त्याला बाहेरून विजेची म्हणून येते ती फक्त एक वायर!

आत ना कॉम्प्युटर, ना चिप. मग ठरवतं कोण? तेल.

चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवरून एक गव्हर्नर फिरत असतो. जत्रेतल्या गोल पाळण्याच्या खुर्च्या वेग वाढला की बाहेर फेकल्या जातात, तशी त्याची वजनं बाहेर सरकतात आणि तेलाचा दाब वाढतो. गाडी किती वेगात आहे, हा निरोप दाबातूनच पोचतो. दुसरा निरोप येतो इंजिनातून, साध्या नळीने. इंजिनावर भार पडला की त्याच्या इनटेकमधला व्हॅक्यूम घटतो. मॉड्युलेटर नावाची डबी ते ओळखते आणि आपला वेगळा दाब वाढवते. हे दोन दाब बोटाएवढ्या व्हॉल्व्हला दोन्हीकडून रेटतात. वेगाची बाजू वरचढ झाली की वरचा गिअर पडतो. भार जास्त असेल तर तो उशिरा पडतो. साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांनी हा सगळा हिशेब तेलाच्या वाटांमध्ये आणि स्प्रिंगांमध्ये बसवला, हे मला आजही थक्क करतं.

आणि ती वायर? अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की एक स्विच लागतो, १२ व्होल्ट आतल्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला, मिळतात आणि गिअर खाली येतो. अर्थिंग गिअरबॉक्सच्या धातूतूनच होतं. वायर तुटलीच, तर ओव्हरटेक करतानाचा तेवढा जोर जातो. गाडी चालतच राहते.

असा गिअरबॉक्स झिजला की अनेक मालक त्याच घराण्यातला धाकटा आणतात: १९९१ मध्ये आलेला ४एल८०-ई. पहिल्या तीन गिअरची गुणोत्तरं जशीच्या तशी, २.४८, १.४८ आणि १.००. वर ०.७५ चा चौथा गिअर, म्हणजे गाडीचा वेग तोच, पण इंजिनाचे फेरे पाव हिश्शाने कमी. लांब प्रवासात हा फरक कानांनाही कळतो. मात्र गव्हर्नर आणि मॉड्युलेटर दोन्ही गायब! ठरवण्याचं काम आता वेगळ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरकडे, आणि त्याला जुन्या इंजिनाविषयी काहीही माहीत नाही.

म्हणून खरी मेहनत पाने-पकडीपेक्षा वायरिंगची. जुन्या कार्ब्युरेटरवर थ्रॉटल सेन्सर बसवावा लागतो. त्याला पाच व्होल्ट द्यायचे, तो पाय किती दाबलाय ते परतीच्या व्होल्टेजमधून सांगतो. गिअरबॉक्सवरचे दोन सेन्सर आत येणारे आणि बाहेर जाणारे फेरे मोजतात. त्यांच्या वायरी जोडीने पिळलेल्या हव्यात, कारण मग स्पार्क प्लगच्या केबलींमधून येणारा विजेचा गोंगाट दोन्ही वायरींत सारखाच शिरतो आणि एकमेकांत विरतो. कंट्रोलरची वीज इंजिनाच्या बॅटरीवरून घ्यायची, घरातल्या दिवे-पंख्यांच्या बॅटरीवरून नव्हे. आणि तीही अशा ठिकाणाहून, जिथे स्टार्टर फिरतानाही ती चालू राहते. घराची बॉडी फायबरची नि लाकडाची. तिथे स्क्रू मारून अर्थ मिळत नाही, जाड वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्यावी लागते. वायरी सायलेन्सरच्या नळ्यांपासून लांब ठेवायच्या, कारण त्या झाकणाखाली भट्टी पेटलेली असते. जुनी स्पीडोमीटरची केबलही निरुपयोगी, कारण नव्या गिअरबॉक्सवर ती जोडायला जागाच नाही.

पण मला सगळ्यात आवडते ती आतल्या दोन सोलेनॉइडांची करामत. चार गिअर निवडायला दोनच पुरतात. पहिला चालू, दुसरा बंद: पहिला गिअर. दोन्ही बंद: दुसरा. फक्त दुसरा चालू: तिसरा. दोन्ही चालू: चौथा. आता वीजच गेली तर? दोन्ही बंद, म्हणजे दुसरा गिअर. तेलाचा दाब ठरवणारा सोलेनॉइडही मुद्दाम उलटा बेतलाय: करंट वाढला की दाब कमी, करंट शून्य असेल तर दाब पूर्ण. त्यामुळे वायरिंग मेलं तरी क्लच प्लेटा घसरून जळत नाहीत. गाडी धक्के देत, रडतखडत का होईना, गॅरेजपर्यंत पोचते. बिघाडात काय घडावं हेसुद्धा आधीच ठरवून ठेवणारी ही रचना मला चौथ्या गिअरपेक्षा मोलाची वाटते.

तेव्हा असं मोटरहोम दुसऱ्या गिअरवर अडकून बसलं, तर गिअरबॉक्स उतरवण्याची घाई करू नका. आधी फ्यूज बघा, मग अर्थिंग.