आत्याचं बोट आणि आमची घाई

माणदेशातली माझी आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन महिने पुण्यात आमच्याकडे होती. वय ७४. पिशवीत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि नातवाने दिलेला स्मार्टफोन, अजून खोक्यातच. तिसऱ्या दिवशी तिने तो माझ्यापुढे सरकवला. "हा मला ओळखतच नाही बघ. तू हात लावला की चालतो."

वय झालं, आता कुठं जमायचं, असं घरात सगळ्यांनीच मनात म्हणून घेतलं. पण आत्या अक्षरशः खरं बोलत होती. टचस्क्रीनला दाब कळत नाही. बोट टेकलं की काचेखालचं विद्युतक्षेत्र किंचित बदलतं, तो बदल फोन टिपतो. उतारवयात त्वचा कोरडी पडते, त्यात खुरप्याचे घट्टे. अशा बोटाचा स्पर्श फोनला कधी कधी नीट कळत नाही. मग माणूस जोर लावून दाबून धरतो. ते मात्र फोनला कळतं, पण वेगळ्याच अर्थाने: भलताच मेनू उघडतो, चिन्हं जागा सोडतात आणि खापर वयावर फुटतं. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन 'दाबून धरण्याचा' वेळ वाढवला, अक्षरं मोठी केली, बोटांना थोडं क्रीम लावलं. आणि सांगितलं, "तव्यावरची भाकरी चाचपतेस ना, तेवढंच टेकव." संध्याकाळी तिने गावाकडे व्हिडिओ कॉल लावला.

फोन वाजला तरी ती उचलत नसे, तेही दुर्लक्ष नव्हतं. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. किणकिणणारी रिंगटोन काढून ढोलकीची ठेवली, काम झालं. तेव्हा मोठ्याने ओरडण्यापेक्षा समोर बसून सावकाश बोला.

आत्याने शेगडी बिघडवली, हा आमच्या घरातला आणखी एक गैरसमज. तिने इंडक्शनवर ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं होतं, एवढंच. ज्या भांड्याच्या तळाला लोहचुंबक चिकटत नाही, ते साध्या इंडक्शनवर तापत नाही.

पैशांबाबतचा गैरसमज मात्र महागात पडतो, आणि तो तरुणांमध्येही आहे: खात्यात पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागतो. मुळीच नाही. यूपीआयचा पिन पैसे आपल्या खात्यातून जाताना लागतो, येताना नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटकही कायद्यात नाही. कोणताही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही.

फोन हातात दिलाच नाही की म्हातारं माणूस सुरक्षित, असंही समजू नका. भामट्यांचे फोन साध्या बटणाच्या मोबाईलवरही येतात. खरा धोका फसल्यानंतरच्या गप्प बसण्यात आहे. "तुला सांगितलं होतं ना!" हे वाक्य एकदा ऐकलेलं माणूस दुसऱ्यांदा काही सांगत नाही, आणि तोवर पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. लवकर कळवलं तर ते वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते.

त्यासाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १९३०. फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा. आमच्याकडचा आत्याने, डोळ्याची पट्टी निघाल्यावर, स्वतःच्या हाताने लिहिला आहे.