मदुरा पाय : करवतीपासून गोळीपर्यंत

मदुराईच्या दवाखान्यात १८४२ साली गिल या डॉक्टरांनी पायाचा हा रोग नोंदवला, म्हणून त्याला ‘मदुरा पाय’ म्हणू लागले. त्याचा कसून अभ्यास मात्र मुंबईत झाला. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली चित्रं काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, पुढे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जनही होते. कापलेले पाय चिरून ते आतले कण न्याहाळत. काही काळे, काही फिकट, काही लालसर. १८७४ साली त्यांचा ग्रंथ निघाला. हा बुरशीचा रोग, असा त्यांचा निष्कर्ष.

तो अर्धाच खरा होता. कणांचे रंग इतक्या बारकाईनं टिपणाऱ्या माणसानं सगळ्यांना एकाच बुरशीच्या खाती घातलं, पण तेव्हाच्या साधनांत त्याहून जास्त दिसणं कठीणच होतं. १८९४ साली व्हिन्सेंट यांनी अल्जीरियातल्या रुग्णाच्या पायातून जो जंतू वाढवला, तो निघाला जिवाणू. १९१३ साली पिनॉय यांनी दोन रोग वेगळे केले: एक बुरशीचा, एक जिवाणूंचा. बाहेरून दोन्ही सारखेच: सुजलेलं पाऊल, त्यावर भोकं, त्यांतून पू आणि रव्यासारखे कण.

माझ्या मते या रोगाच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना ही विभागणीच, औषधं नंतरची. कारण बुरशीवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि जिवाणूंसाठी पाय कापायची सहसा गरज नसते. काळा कण बुरशीचा, लाल जिवाणूचा; पांढरा-पिवळा मात्र फसवतो. तिथे कण काचपट्टीवर चिरडून ग्रॅम स्टेन करायचा, बायोप्सी घ्यायची, कल्चर लावायचं. या रोगाचा एक जिवाणू, नोकार्डिया, सावकाश वाढतो. चार दिवसांत कल्चर फेकलं, तर रिपोर्ट कोरा येऊ शकतो.

जिवाणूंच्या रोगावर सल्फा, डॅप्सोन, स्ट्रेप्टोमायसिन असं करत १९८० च्या दशकात मेक्सिकोच्या वेल्श यांनी अमिकॅसिन आणि कोट्रायमॉक्साझोलची जोडी रूढ केली. अमिकॅसिन टोचताना कान आणि मूत्रपिंडं सांभाळावी लागतात. पुढे दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी जेंटामायसिन आणि कोट्रायमॉक्साझोलचा आपल्याकडे परवडणारा मार्ग काढला.

२०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं हा रोग दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतला. अनवाणी शेतात राबणाऱ्याला काटा रुततो, गाठ येते, पण ती बहुधा दुखत नाही. म्हणून तो वर्षानुवर्षं डॉक्टरकडे फिरकत नाही. आणि भोकं बुजल्यावरही गोळ्या कित्येक महिने घ्यायच्या असतात, हे त्याला पहिल्याच भेटीत सांगावं लागतं.