मधुमेहाची तपासणी : कोणाच्या वाट्याला किती?

मधुमेह म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा रोग, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ वर्षे रूढ होती. ती आता टिकण्यासारखी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे २०२१ मध्ये देशात दहा कोटींहून अधिक माणसांना हा रोग होता. रोग सर्व थरांत पोचला. त्याच्या दुष्परिणामांपासून वाचविणारी तपासणी मात्र सर्व थरांत सारखी पोचलेली नाही. याच दुसऱ्या गोष्टीविषयी येथे चार शब्द सांगावयाचे आहेत.

मधुमेह एका दिवसात नुकसान करीत नाही. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, म्हणजे डोळ्यांच्या पडद्यातील व मूत्रपिंडांतील बारीक रक्तवाहिन्या आणि पायांतील मज्जातंतू हळूहळू बिघडत जातात. प्रारंभी दुखतखुपत काहीच नाही. दिसेनासे होऊ लागते किंवा बधिर पायाची जखम चिघळते, तेव्हा रोगी जागा होतो. म्हणून साखरेवर लक्ष ठेवण्याबरोबरच वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिन व पायांची संवेदना तपासावी लागते. तपासण्या साध्या आहेत. परंतु ज्याला त्या मिळत नाहीत, त्याचा डोळा किंवा पाय गमावण्याचा धोका वाढतो.

हा भेद जगात इतरत्रही आहे. अमेरिकेत मधुमेहामुळे पाय कापावा लागण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांत बरेच अधिक आहे. रक्तात काही निराळे असते म्हणून हे घडते असे नव्हे. विमा, दवाखाना आणि वेळेवर मिळणारा सल्ला यांची वाटणी तेथे विषम आहे.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर मापातच फरक होता. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, तो २५ च्या आत असला की चिंता नाही, असा नियम मुख्यतः युरोपीय लोकांवरून ठरला होता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील अर्भके इंग्लंडमधील अर्भकांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. २००४ साली त्यांनी व लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचाही आकडा २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांनी २३ पासूनच सावध व्हावे असे सुचविले. अमेरिकेतील मधुमेह संघटनेने आशियाई लोकांच्या तपासणीसाठी हे माप २०१५ साली स्वीकारले. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला जुन्या मापाने ६८ किलोपर्यंत निर्धास्त राहता येई. नव्या मापाने त्याने साडेबासष्ट किलोलाच तपासणी करून घ्यावी. ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांनी हे त्यांनाही अवश्य कळवावे.

आता घराजवळ पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आधारे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १५ ते ४९ वयाच्या मधुमेही माणसांपैकी जेमतेम निम्म्यांनाच आपल्या रोगाची माहिती होती, आणि साखर आटोक्यात होती ती चौघांतील एकाची. खेड्यातले, अल्पशिक्षित आणि निर्धन यांची स्थिती अधिक वाईट होती. वडोदऱ्यात सर सयाजीराव रुग्णालयासारखी मोठी संस्था आहे; पण सुमारे शंभर किलोमीटरवरच्या छोटा उदेपूरकडील राठवा शेतमजुराला डोळे तपासण्यासाठी येथवर येणे म्हणजे एक दिवसाची मजुरी व बसभाडे दोन्ही गमावणे. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत विमा योजना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. म्हणजे पाय कापण्याची पाळी आली तर मदत मिळते. पण त्याच्या आधीची वर्षानुवर्षांची नेहमीची तपासणी तीत बसत नाही.

याच संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जो शाळेची वाट विचारीत येईल त्यालाच शिकवू, असे त्यांनी म्हटले नाही. शाळाच गावात नेली. प्रतिबंधक उपचारांचे तत्त्व तेच आहे. ज्याला काही दुखत नाही तो स्वतःहून येणार नाही. त्याच्याकडे आपणच गेले पाहिजे.

यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. तिशी ओलांडलेल्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत साखरेची तपासणी मोफत होते, हे आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईंना, सोसायटीच्या पहारेकऱ्याला व रिक्षावाल्याला सांगावे. गरोदरपणी साखर वाढलेल्या सुनेची वा लेकीची तपासणी बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा करावी. बाळाच्या कौतुकात ती हमखास राहून जाते. ट्रस्टने शिबिर भरविल्यास केवळ बोटातून रक्त काढून थांबू नये; पायमोजे उतरवून पाय पाहावेत, डोळ्यांचा पडदा पाहण्याची सोय करावी, आणि ज्याच्यात दोष आढळला तो पुढे डॉक्टरकडे पोचला की नाही, हे महिनाभराने घरी जाऊन विचारावे.